आयुधपूजेला जागा राहिलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पीओई स्विच आहे. नाव ऐकून घाबरू नका. काळ्या पत्र्याचा, पुढे हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा, एवढीच माझी ओळख. कॅमेऱ्यांच्या तारा माझ्यातून निघतात. एकाच तारेतून मी त्यांना वीज पुरवतो आणि त्यांनी पाहिलेले चित्र माघारी आणतो. म्हणजे जेवण वाढणारा मीच आणि निरोप आणणाराही मीच!

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात वेंकोजीरावांचे शिलाईचे दुकान आहे आणि वर घर. मी येण्याआधी तिथे कॅमेऱ्यांचे फार हाल होते. प्रत्येकाला वेगळा अ‍ॅडॅप्टर होता, आणि इस्त्रीला जागा हवी झाली की कारागीर आधी कॅमेऱ्याचाच प्लग उपटत. मग बॅटरीचा कॅमेरा आला. तो चार्ज करायला शिडी लावावी लागे. सोलरचाही आणून पाहिला, पण त्या अरुंद बोळात ऊन उतरायलाच तयार नव्हते. सूर्यावर कुणाची सक्ती चालते? शेवटी मला आणले.

वेंकोजीरावांच्या पत्नी पुष्पावतीबाई म्हणाल्या, "ह्याला बॅटरीचा यूपीएस पण लावूया. करंट गेला तर आप्पांवर लक्ष कोण ठेवणार?"

"सुम्ने, उगीच कशाला ते?" वेंकोजीराव कुरकुरले. पण बाईंपुढे त्यांची डाळ शिजली नाही. यूपीएसवर मी, रेकॉर्डर आणि त्याचा छोटा पडदा असे तिघे बसलो. त्या माउलीचे उपकार मी कधी विसरणार नाही.

आप्पा म्हणजे वेंकोजीरावांचे वडील, फत्तेसिंगराव. एके काळचे कापड रंगवणारे रंगारी. आता त्यांना विसर पडतो. एकटे बाहेर पडले की घराची वाट सापडत नाही. आमचे कॅमेरे चोरांसाठी नव्हतेच, ते आप्पांसाठी होते.

मग आयुधपूजा आली, दसऱ्यातला अवजारे पुजण्याचा दिवस. त्या दिवशी यंत्रांनाही विश्रांती. वेंकोजीरावांनी मेन स्विच बंद केला. शिलाईयंत्रांना, कात्र्यांना, अगदी स्कूटरलाही कुंकू लावले, झेंडू वाहिला, दारात कोहळा फोडला. कॅमेरेही त्याच मेनवर आहेत, हे कुणाच्या ध्यानीही आले नाही. मला ना फूल, ना सुट्टी! थोडा रुसलो, पण बॅटरीच्या जोरावर काम करत राहिलो.

पुष्पावतीबाई प्रसाद घेऊन वर गेल्या, तर खुर्ची रिकामी.

"अय्यो! आप्पा कुठं गेलेत?"

दसऱ्याच्या गर्दीत म्हातारा माणूस कुठे शोधायचा? वेंकोजीरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "मेन तर मीच बंद केलो. कॅमेरा कुठला चालतो आता!"

मला ओरडता येत नाही. पण बॅटरी संपत आली होती आणि यूपीएस टीं टीं करू लागला. पुष्पावतीबाईंनी कान टवकारले. "स्वल्प थांबा, हे चालू आहे की!"

त्यांनी थोड्या वेळापूर्वीचे चित्र लावले, तसे पडद्यावर आप्पा दिसले. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात झेंडूची फुले. कोपऱ्यावरून ते बसस्टँडकडे वळले. वेंकोजीराव पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले,

"बन्नूरला निघालेत. काहिलीची पूजा करायला."

आप्पांची रंग उकळायची तांब्याची मोठी काहील कधीच बन्नूर गावच्या एका गुऱ्हाळाला विकली होती. घरातले सगळे ते विसरले होते; वेंकोजीरावांनाही ती फुले पाहूनच आठवले. सारे विसरणारे आप्पा मात्र विसरले नव्हते.

पुढच्याच क्षणी माझे दिवे विझले. पण काम झाले होते. बन्नूरच्या बसमध्ये, खिडकीजवळ, आप्पा फुले सांभाळत बसलेले सापडले.

घरी आल्यावर ते मुलाला म्हणाले, "सगळ्यांच्या आयुधाला फूल घातलास. माझं आयुध कुठं आहे?"

मग पुष्पावतीबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना माझ्यापुढे आणले. "आप्पा, हे तुमचं."

बोटाने त्यांनी माझ्या पत्र्यावर कुंकू टेकवले. "हे काय काम करतं?"

"तुमच्याकडं बघत बसतं, आप्पा."

"मग बिचाऱ्याला उपाशी का ठेवलासा?"

वेंकोजीराव डोळे पुसत उठले आणि त्यांनी मेन सुरू केला.

मित्रांनो, आता माझी धूळ पुसली जाते, बॅटरी वेळेवर बदलली जाते. मी फार सुखात आहे. तुम्हीही मेन बंद करण्याआधी पाहा, त्यावर कुणाची नजर अवलंबून आहे. आणि घरात ज्यांच्या हातातले आयुध गेले आहे, त्यांच्यापुढेही पूजेचे ताट ठेवा.

दर आयुधपूजेला आप्पा मला कुंकू लावतात. दर वेळी विचारतात, "हे काय काम करतं?"