सहावं बटण

टायपिंगच्या दुकानात आक्कांपुढे कुणाचं चालत नसे. मुलगा परगावी नोकरीला जाताना कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या फंक्शन बटणांवर एकेक परिच्छेद बसवून गेला होता. दुसरं दाबलं की अर्जाचा मायना, सहावं दाबलं की कारवाईची विनंती. मधली नावं आक्का गिऱ्हाइकाच्या ओळखपत्रावरून अक्षराला अक्षर जुळवत उतरवायच्या. बाकी सगळं तोंडपाठ. आपल्याला धड वाचता येत नाही, हे त्यांनी सुनेलाही कळू दिलं नव्हतं.

सून हौशी. तिनं काल बटणांचा क्रम बदलला आणि नवी यादी पडद्याच्या कडेला चिकटवली.

"आक्का, यादी वाचलीत ना?"

"वाचली. तू रांगत होतीस तेव्हापासून बसतेय मी या खुर्चीत."

आज शिवणकाम करणारी एक बाई आली. घरमालकानं नऊ दिवस पाणी तोडलं होतं. आक्कांनी पटापट बटणं दाबली, कागद छापून काढला. बाईनं सहीसाठी पेन उचललं आणि म्हणाली, "एकदा वाचून दाखवा. मी सहीपुरती शिकलेली."

आक्कांनी चष्मा चढवला, ओळीवर बोट ठेवलं आणि ठसक्यात सुरुवात केली. "वारंवार विनवण्या करूनही संबंधितांनी दाद दिलेली नाही. सबब त्यांच्यावर तात्काळ कारवाई करून..."

बोट सहीच्या जागेवर येऊन थांबलं. तोंडात मात्र अजून चार ओळी शिल्लक होत्या.

कागदावर काहीतरी भलतंच होतं. पेन टेकायला आलं होतं. आता गप्प बसलं तर अब्रू झाकलेली राहणार, आणि ही बाई काय लिहून देणार, देव जाणे.

"थांब!" त्यांनी कागद ओढून घेतला. "सूनबाई, इकडे ये. हे वाच. मोठ्यानं."

सुनेनं वाचलं, "आमच्यात समेट झाल्याने मी माझी तक्रार स्वखुशीने मागे घेत आहे."

"मागे?" बाई ताडकन उठली. "अहो, आत्ता तर तुम्ही वेगळंच वाचलंत!"

"वाचलं नाही, पाठ म्हटलं," आक्का म्हणाल्या. मान ताठच होती, आवाज तेवढा उतरला होता. "मला वाचता येत नाही. ती यादीही वाचली नव्हती."

सून दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसली, चौथं बटण दाबलं आणि उमटलेला परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचून दाखवला.

बाई ऐकत होती. मग म्हणाली, "सगळं खरं. पण यात माझ्या पाण्याचं कुठंय?"

आक्का दचकल्या. इतकी वर्षं आपण हेच म्हणत आलो, आणि हे कधी मनातच आलं नाही.

"त्याला बटण नाही," त्या सुनेला म्हणाल्या. "ही सांगेल तसं हातानं लिही. आणि लिहिशील ते मला वाचून दाखव. सावकाश. मी काही बहिरी नाही, पण सावकाश."