सासूबाईंचं दार

सुनेनं चक्क सासूच्या स्वयंपाकघरावरून लाल रेघ ओढली, आता बोला! टेकडी कुठे सरकतेय आणि कुठली घरं धोक्यात आहेत याचे नकाशे करणं हे तिचं कामच. पण टेकडीला कुठे नाती कळतात?

"आई, अख्खी गल्ली हलवावी लागेल. एखाद्या मोठ्या पावसात सगळी घरं खाली येतील," एवढं तिनं कसंबसं सांगितलं. सासूबाईंनी तिला भाजी वाढली, पण अबोला धरला तो धरलाच.

गल्लीची सभा भरली. कुणी ऐकायलाच तयार नाही. "भिंतीला एक तडा तरी दाखव!" शिंपी ओरडला. तडे दिसणार कुठून? गल्ली पडली टापटिपीची, चीर दिसली की लगेच लिंपून रंग. आज ही माणसं नाही म्हणाली तर पुढे काय होईल, ते सुनेला डोळ्यांसमोर दिसत होतं.

तेवढ्यात मागून सासूबाई उठल्या. "काय रे शिंप्या, तुझं पुढचं दार घासतं ना? दरवर्षी तासून घेतोस ना?"

शिंप्यानं नाइलाजानं मान डोलावली.

"आणि शेजारीणबाई, तुमचं?"

कोपऱ्यात बसलेल्या सुताराला हसू आवरेना. "अहो, सगळ्यांचीच तासतो! वरचा एकच कोपरा, सगळ्यांचा तोच."

सगळ्यांचा तोच? म्हणजे अख्खी गल्लीच एका बाजूला कलत होती!

"माझंही तासलंय," सासूबाई म्हणाल्या. "लाकूड फुगलं म्हणायचे मी आणि हिच्यापासून लपवायचे. घर सुटत नव्हतं हो! पण ही पोरगी सख्ख्या सासूला घराबाहेर काढतेय, ते काय हौस म्हणून?"

आधी हशा पिकला, मग एकेक हात वर झाला. शिंप्याचा सगळ्यांत शेवटी, पण झाला.

सपाटीवर नवी घरं उभी राहिली. सासूबाईंनी हट्टानं जुनं दार आणलं. सुतारानं ते नव्या, सरळ चौकटीत बसवलं, तर वरच्या कोपऱ्यात ही एवढी फट! सगळी गल्ली पोट धरून हसली. सासूबाईंनी स्टुलावर चढून फटीत हात घातला, तो मनगटापर्यंत बाहेर आला.

"अगं बाई! एवढी सरकली होती टेकडी?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

बाहेर उभ्या सुनेनं तो हात घट्ट धरला. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

"सोड आता, पडेन ना मी," आतून सासूबाई म्हणाल्या. "आत ये, जेवायला बस."