डफ थांबेपर्यंत

नथूने पेंढ्याच्या जाळावर डफ धरला, अंगठ्याने कातडं दाबून पाहिलं आणि पुन्हा जाळावर धरला. मरीआईच्या देवळापुढे गाव जमला होता. पाटील नारळ घेऊन उभा होता.

"नथ्या, जनी तर गेली. औंदा पोरीला उभी कर. देवी तुमचंच घर धरून ऱ्हाते."

दर चैत्रात नथूच्या बायकोच्या, जनाबाईच्या अंगात देवी यायची. डफ वाजतोय तोवर देवी असायची आणि गाव तिच्या पायांवर डोकं ठेवायचा, पाटीलसुद्धा. देवीला विटाळ नसतो. डफ थांबला की देवी उतरायची. मग जनाबाई महारवाड्यात परतायची आणि मंडळी ओढ्यावर आंघोळीला जायची. नथूला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

माघात जनाबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. नथू गाडी मागायला गेला.

"गाडी बाटंल रे," पाटील म्हणाला होता.

बांबूला झोळी बांधून नथू आणि त्याचा भाऊ तिला शहापूरला डॉक्टरकडे घेऊन निघाले. सापगावच्या अलीकडे, करंजाच्या झाडाखाली, झोळी एकदम जड झाली.

तेव्हापासून नथूची पोर रंगू एकच विचारत होती. आताही जाळाशी बसून तिने तेच विचारलं.

"बा, आय देवी होती ना? मंग गाडी का नाय दिली?"

"देवी उतरली की मागं माणूसच ऱ्हातं, गो."

"आन देवीनं? तिनं पण आयला वळखलं नाय?"

नथूने डफ खांद्याला अडकवला.

सुरुवातीची चाल संथ असते. देवी येते ती चाल वाढल्यावर. जनाबाईने त्याआधी कधी मानसुद्धा हलवली नव्हती. नथूने चाल अजून वाढवली नव्हती, तोच रंगूने केस मोकळे सोडले आणि ती घुमू लागली.

नथूचा एक ठोका चुकला. मग त्याने चाल वाढवली.

पाटील तिच्या पायाशी वाकला.

"आई, काय पायजे तुला?"

"गाडी जुंप."

"कुठं जायाचं, आई?"

"शहापूरला."

पाटलाने स्वतः बैल जुंपले, गाडीत नवी घोंगडी अंथरली. रंगू चढताना त्याने तिला हात दिला. गाडी निघाली. मागे नथू वाजवत चालला, त्याच्या मागे गाव.

करंजापाशी रंगू म्हणाली, "थांबव."

ती खाली उतरली. घुमणं बंद झालं होतं. मातीवर दोन्ही तळहात टेकून ती बसली आणि आपल्याच आवाजात म्हणाली, "आय, चल. गाडी आणली."

पाटलाचे जोडलेले हात खाली आले. त्याने रंगूकडे पाहिलं, मग वळून नथूकडे. मागचे लोकही नथूकडेच बघत होते.

नथूची बोटं फुटली होती. त्याने चाल आणखी वाढवली.