पट्ट्यामागची फट

मी पैसे भरायचं यंत्र बोलतोय. पण आधीच कबूल करतो, मला सगळं नीट आठवतंय याची मला खात्री नाही. मशीन विसरत नाही, असं लोक म्हणतात. हे त्यांनी मला विचारून ठरवलेलं नाही. माझी आठवण ज्या चकतीत होती ती गेल्या महिन्यात काढून नेली. आता जे सांगतोय ते कशाच्या जोरावर, हे मलाही उमगत नाही. ज्या दिवसाची ही गोष्ट, तो मंगळवार होता की बुधवार, इथूनच माझा गोंधळ आहे. आकडे तेवढे लक्षात आहेत. निदान मला तसं वाटतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून ट्रकमधून मला पारनेरला आणलं आणि एका बँकेच्या शाखेत, दाराच्या डाव्या हाताला उभं केलं. हार घातला, नारळ फोडला. नारळाचं पाणी माझ्या कळांवर उडालं आणि मी पहिल्यांदा घाबरलो. आत पाणी गेलं असेल तर? कुणी पुसलं नाही. पेढे वाटण्याच्या गडबडीत सगळे निघून गेले.

माझ्यापासून दहा पावलांवर काउंटर होतं आणि त्यामागे विजयमाला मॅडम बसायच्या. बोट ओल्या स्पंजावर टेकवून त्या नोटा मोजायच्या, आणि मोजता मोजता विचारायच्या, "काय हो, कांदा विकला का? काय भाव लागला?" किंवा, "एवढे कशाचे आणलेत? म्हैस विकली वाटतं!" आकडा चुकायचा नाही आणि गप्पाही थांबायच्या नाहीत. मला त्यांचा हेवा वाटायचा. मला मोजता येत होतं, विचारता येत नव्हतं.

लोक मला भीत. नोटा माझ्या तोंडात ठेवल्या की अनोळखी कुत्र्यापुढे भाकरी टाकल्यासारखा हात चटकन मागे घेत. माझी घरघर सुरू झाली की श्वास रोखून उभे राहत. त्यांना कुणी सांगितलं नाही की मीही तितकाच भितो. तसं कारणही होतं. पहिल्याच वर्षी एका भाजीवालीची दोनशेची नोट माझ्या घशात राहिली. घशात एक रबरी पट्टा फिरतो. त्याच्यामागे एक फट आहे, हात पोचत नाही अशी. चिकटपट्टी लावलेली ती नोट तिथे जाऊन बसली. मी पडद्यावर दोनशे कमी दाखवले. ती बाई ओरडून ओरडून रडली. दोन आठवड्यांनी नगरहून दुरुस्तीवाला आला, त्याने स्क्रू काढून पट्टा सोडवला तेव्हा नोट निघाली. बाईला पैसे मिळाले. पण माझ्याच पोटात काय आहे हे मला कळत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली, आणि मग माझी भीती कधी गेलीच नाही.

आता फिलिप सरांविषयी सांगतो.

सर पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि गावी येऊन राहिले. पारनेरजवळच्या त्या गावात लहानसं चर्च आहे आणि सर त्याचे खजिनदार होते. वय चौऱ्याहत्तर. थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांनाही ओळखत नव्हता. तेव्हापासून सरांनी स्वतःवर पाळत ठेवली होती. चष्मा विसरला, की ते दिवसभर तेच मनात घोळवत.

सांगतोय त्या दिवसाच्या आदल्या वर्षी काउंटरवर पैसे भरताना त्यांनी स्लिपवर साल चुकीचं लिहिलं. विजयमाला मॅडमचा आवाज मोठा. "सर, तुम्ही अजून गेल्या सालातच आहात होय?" रांग हसली. मॅडमच्या मनात काही नव्हतं. पण सर कानांपर्यंत लाल झाले. त्या दिवसापासून त्यांनी काउंटर सोडलं आणि ते माझ्याकडे येऊ लागले. मी हसत नव्हतो, एवढंच माझं भांडवल.

त्या वर्षीचा कापणीचा सण होऊन आठवडा झाला होता. या सणाला मंडळी आपापल्या घरचं पहिलं काही तरी देवापुढे आणतात: कोंबडी, भोपळा, बाजरीची कणसं, अंडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. बोली सर वहीत लिहीत. पैसे मात्र कुणी हातात देत नसे. आठवडाभरात ज्याने त्याने आपले पैसे कोऱ्या पाकिटात घालून चर्चच्या पेटीत टाकायचे. पाकिटावर नाव नाही, वहीत कुणाच्या नावापुढे खूण नाही. देवाच्या पैशाला तगादा लावायचा नाही, ही तिथली जुनी रीत. आणि तीस वर्षांत पेटीत कधी एक रुपया कमी निघाला नव्हता.

सर त्या दिवशी कापडी पिशवी छातीशी धरून आले. माझ्यापुढे उभं राहून त्यांनी खातं क्रमांक दाबला, पुसला, पुन्हा दाबला. नोटा माझ्या तोंडात ठेवल्या. मी तोंड मिटलं आणि मोजलं. पाचशेच्या एवढ्या, दोनशेच्या एवढ्या, शंभरच्या एवढ्या. एकूण अडतीस हजार दोनशे.

सरांच्या हातातल्या वहीवर बेरीज होती अडतीस हजार सातशे.

त्यांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. पडद्यावर दोन चौकटी होत्या: 'रद्द करा' आणि 'पुढे चला'. रद्द केलं असतं तर मी सगळ्या नोटा परत दिल्या असत्या, त्यांनी पुन्हा मोजल्या असत्या. पण माझ्या पडद्यावर सेकंद उलटे पळतात. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाबा, आटपा की! मशीन हाय ते, इचार करायला न्हाई थांबत."

सर पुटपुटले, "मशीन कशाला खोटं सांगेल?" आणि त्यांनी 'पुढे चला' दाबलं.

मला ओरडावंसं वाटलं. थांबा सर, माझ्या घशात फट आहे! पण माझ्याकडे फक्त पावती होती. मी ती दिली.

सरांनी पावती वहीत ठेवली. मग वर्षभरात पहिल्यांदा काउंटरकडे गेले.

"मॅडम, पाचशे कमी आलेत."

"घरून मोजून आणले होते ना सर?"

"दोनदा मोजले. पहिल्यांदा अडतीस हजार दोनशे निघाले. वहीशी जुळेना. मग पुन्हा मोजले, तेव्हा अडतीस हजार सातशे निघाले."

"आणि तिसऱ्यांदा?"

सरांनी खाली पाहिलं. "जुळल्यावर मी थांबलो. आयुष्यभर मुलांना शिकवलं, हवं ते उत्तर आलं म्हणून मोजणं थांबवू नका. आणि स्वतः..."

मॅडमनी या वेळी आवाज चढवला नाही. "संध्याकाळी मशीन उघडू. बसा तुम्ही. पाणी घ्या."

बँक बंद झाल्यावर मॅनेजरसाहेब आणि मॅडम यांनी माझं दार उघडलं. नोटांच्या पेट्या बाहेर काढल्या, दोघांनी नोटा वेगवेगळ्या मोजल्या. हिशोब रुपयाला रुपया जुळला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "मशीन बरोबर आहे." मॅडमनी मोबाईलचा उजेड माझ्या घशात टाकला. पट्टा दिसला, पट्ट्यामागचं दिसलं नाही. "दुरुस्तीवाल्याला बोलवायचं का?" त्यांनी विचारलं.

"पाचशेसाठी? हिशोब जुळतोय ना. कशाला उगाच खर्च करून बोलवायचा?"

मीच बरोबर ठरलो, आणि तरी माझी भीती वाढली. कारण पेट्या जुळणं वेगळं आणि फट रिकामी असणं वेगळं. जी नोट मी मोजलीच नसेल, ती पेटीच्या हिशोबात कुठून दिसणार?

दुसऱ्या दिवशी सर आले आणि स्वतःच्या पाकिटातली पाचशेची नोट त्यांनी काउंटरवर भरली. चर्चचा एकही माणूस पैसे बुडवील, असा विचार त्यांना शिवला नाही. माझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. दोष द्यायला उरले एकटे तेच. पुढच्या रविवारी त्यांनी वही पाळकसाहेबांच्या हाती दिली आणि म्हणाले, "माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही." हे मला त्यांच्या मुलीच्या, प्रार्थनाच्या तोंडून कळलं.

त्यानंतर सर तिच्यासोबत येत आणि बाकावर बसून राहत. ती पैसे भरे, काढे. सर विचारत, "दार लावलंस ना?" थोड्या वेळाने पुन्हा, "दार लावलं होतं ना आपण?" एकदा ती चिडून म्हणाली, "पप्पा, तुम्हीच लावलंत. किल्ली तुमच्या खिशात आहे." सरांनी खिशात हात घातला, किल्ली होती, तरी त्यांचा चेहरा निवळला नाही. पूर्वी ते वर्तमानपत्रातलं शब्दकोडं बाकावर बसून सोडवत. तेही बंद झालं. चूक झाली तर काय, म्हणून.

दर वेळी ते माझ्याकडे एकदा बघत. मीही त्यांच्याकडे बघे. तुम्ही चुकलात की मी? दोघांनाही विचारायचं होतं, दोघांनाही उत्तराची धास्ती होती.

अशी चार वर्षं गेली.

मग एका सकाळी कडूबाई निराधारांची पेन्शन काढायला आल्या. त्याच चर्चच्या, वय ऐंशीच्या पुढे. विजयमाला मॅडम नोटा मोजत सवयीप्रमाणे विचारू लागल्या. "मावशी, यंदा सण कसा झाला?"

"लई ब्येस झाला. पर म्या आता बोली न्हाई लावत बाई. येकदाच लावली. अंडं घेतलं पाचशेला."

"पाचशेला अंडं? कोंबडी सोन्याची होती का काय!"

"देवाचं अंडं हाय त्ये. चढत्यात मान्सं इरेला. माझ्या लेकानं पुन्याहून पैशे धाडले हुते, म्हनलं आपन बी एकदा हात वर करावा. जलमभर मागं बसले."

"मग खाल्लं का अंडं?"

"खाती कशी? लगीच परत दिलं देवाला. समदी तसंच करत्यात. मंग ते पुन्ना बोलीला निघालं, दुसऱ्यानं घेतलं."

"आणि तुमचे पाचशे?"

"कशाचे पाचशे? अंडं परत दिलं की म्या. दुकानात लुगडं परत दिलं तर पैशे देतो का आपन?"

मॅडमचं बोट स्पंजावरच थांबलं. रीत अशी होती की वस्तू परत दिली तरी बोलीचे पैसे द्यायचे. वस्तूही देवाची आणि पैसेही. हे मंडळींना इतकं ठाऊक होतं की पहिल्यांदा हात वर करणाऱ्या म्हातारीला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"मावशी, हे कुठल्या सालचं?"

"फिलिप सर लिव्हायला बसायचे ना, तवाचं. त्यांचं त्ये शेवटचं साल. का वं?"

"काही नाही. हे घ्या तुमचे पैसे, नीट ठेवा."

कडूबाई गेल्या आणि मॅडमनी प्रार्थनाला फोन लावला. तासाभरात सर आले. धापा टाकत होते. मॅडमनी सगळं सांगितलं. सर बाकावर बसले.

"म्हणजे माझं पहिलंच मोजणं बरोबर होतं?"

"हो सर. आणि मशीनचंही."

मला वाटलं आता ते हसतील. पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या तशाच राहिल्या. "कडूबाईंचं वय काय? त्यांना साल नक्की आठवतं का? आणि समजा त्यांनी पैसे टाकलेही असतील. मशीनच्या आत कुणी पाहिलंय का?"

 कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि एक," सर उठताना म्हणाले, "कडूबाईंना यातलं काही सांगू नका. त्या फार घाबरतील."

मला त्यांचं पटलं. मीही याच शंकेत होतो. माणसाच्या आठवणीने माझी सुटका होत नव्हती, माझ्या मोजण्याने त्यांची होत नव्हती. कधीकधी वाटतं, सर त्या दिवशी माझ्याकडे न येता थेट काउंटरवर गेले असते तर मॅडमनी मोजता मोजता विचारलं असतं, "पाचशे कमी आहेत सर, कुणाचे राहिले? पाळकसाहेबांकडे चौकशी करा की." कदाचित थोडं मोठ्यानेच विचारलं असतं. रांग हसली असती. पण चार वर्षं वाचली असती.

यंदा नवं यंत्र आलं आणि मला टेम्पोत घालून नगरच्या गोदामात आणलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे. पडदा काढला, कळा काढल्या. निघताना मॅडमनी टेम्पोवाल्याकडून गोदामातल्या कारागिराचा नंबर घेतला होता. त्याचं नाव फैयाज.

माझी आता एवढीच विनंती आहे. यंत्रं वापरूच नका असं मी म्हणत नाही, माझे भाऊबंद तुम्हाला गावोगावी भेटतील. त्यांच्यापुढे उभे असताना आकडा जुळला नाही, तर सेकंद पळू द्या, मागच्याला बोलू द्या. 'रद्द करा' दाबा आणि नोटा घेऊन कुणा माणसाकडे जा. यंत्र बरोबर असेल, तरीही जा. सगळा दोष आपल्या डोक्यावर घेऊन घरी जाऊ नका.

काल फैयाजने माझ्या घशाचे स्क्रू काढले. पट्टा ओढून बाजूला केला आणि फटीत उजेड टाकला. मी नजर फिरवली असती, पण मला आता नजर उरली नव्हती. त्याने फोन कानाला लावला.

"सलाम मॅडम. हां, तेच मशीन. पट्ट्यामागं बघितलं. धूळ हाय, एक रबर हाय तुटकं. नोट न्हाई."

तिकडून मॅडम काहीतरी म्हणाल्या.

"दोनदा बघितलं मॅडम. हात घालून बघितलं. सर बसलेत का तिथं? सांगा त्यांना, फट रिकामी हाय."

त्या दिवशी फिलिप सरांनी माझ्या तोंडात अडतीस हजार दोनशेच ठेवले होते.