भिंतीकडे तोंड

ट्वेट कुटुंबाच्या स्टुडिओत एकच कायदा होता, आणि तो कुणी कधी लिहून ठेवला नव्हता. लिहिलेल्या कायद्यांना निदान पळवाटा असतात.

ज्या कॅनव्हासचे तोंड भिंतीकडे, तो मेला. दर सोमवारी सकाळी ओरिन ट्वेट अशा सगळ्या कॅनव्हासांवर पांढऱ्या अस्तराचा हात फिरवी. तासाभरात ते वाळे, आणि मग त्या पांढऱ्यावर नवे अस्वल, नवा गवा किंवा गावातला एखादा नवा म्हातारा जन्माला येई. कॅनव्हास कुणी फिरवला हे विचारायचे नाही. का फिरवला हे तर मुळीच विचारायचे नाही. एकतीस वर्षांपूर्वी हा कायदा ओरिनच्या बायकोने, वर्नाने, केला होता. त्याआधी प्रत्येक फसलेल्या घोड्यावरून त्या घरात जेवणाच्या टेबलावर खडाजंगी होई आणि बटाटे गार होत. कायद्याने बटाटे वाचले.

कामाची वाटणीही तितकीच पक्की होती. पहिली रेषा आणि पहिला रंग वर्नाचा. जनावराचे अंग ओरिन भरी. आभाळ, गवत आणि लाकडी चौकट धाकट्या लेलंडकडे. डोळे मात्र थियाचे, ती बारा वर्षांची असल्यापासून. पुढे थिया पूर्वेकडच्या एका विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवायला गेली, तेव्हाही हा नियम मोडला नाही. माँटानातल्या त्या लांबट शेडमध्ये आंधळी जनावरे रांगेने उभी राहून तिच्या नाताळच्या सुट्टीची वाट पाहत.

थियाने डॉक्टरेट मिळवली होती ती जुन्या चित्रांच्या थरांखाली दडलेल्या चित्रांवर. प्रबंध चारशे पानांचा. त्यातली साडेतीनशे, ती स्वतःच म्हणे, इतर विद्वानांची हाडे मोडण्यात खर्ची पडली होती. ‘पृष्ठभागावर विश्वास ठेवणे हा आळशी डोळ्याचा धर्म आहे,’ हे तिचे वाक्य विद्यार्थी वहीत उतरवून घेत. आई आजारी पडली तेव्हा तिने ती नोकरी सोडली आणि ती घरी आली. मार्चमध्ये आई गेली. ऑक्टोबर उजाडला तरी थिया परत गेली नव्हती.

त्या गुरुवारी दुपारी ती आईचे चित्र शोधत होती.

वर्नाने गावातला प्रत्येक माणूस रंगवला होता. शेरीफ झाला, पाद्री झाला, पेट्रोलपंपावरची मुलगी झाली, तिचे तिन्ही नवरेसुद्धा झाले. स्वतःला मात्र तिने एकदाच रंगवले, शेवटच्या हिवाळ्यात. बोटांत ब्रश ठरत नव्हता म्हणून मूठ वळून सुरी धरली आणि रंग कॅनव्हासवर लोण्यासारखा थापला. आपल्या म्हाताऱ्या खेचराच्या मानेला मिठी मारून, तोंड उघडून हसणारी वर्ना. नारिंगी गाल, हिरवी सावली, दातांत फट. सही करायच्या आत ती गेली. आता गावच्या वाचनालयाला ते चित्र रविवारी, तिच्या वाढदिवशी, लावायचे होते. थियाने हो म्हटले होते. त्या चित्राकडे पाहण्याइतके बळ आपल्यात आले आहे, असे तिला सात महिन्यांत पहिल्यांदाच वाटले होते.

मार्चमध्ये तिने ठेवले होते त्या फळीवर चित्र नव्हते. मांडणीत नव्हते. माळ्यावरही नव्हते.

“लेलंड, आईचं चित्र कुठंय?”

“कुठलं?” लेलंड खोके बांधत होता. “आईनं काढलेली चारशे आहेत. जरा खुलासा करा, प्रोफेसरीणबाई.”

“खेचराचं.”

“ते तुझ्याकडंच नाही का? मला वाटलं तू खोलीत नेलंस.” त्याने टेपचा तुकडा दातांनी तोडला. “सापडेल गं. या शेडमधनं आजवर एकच गोष्ट हरवलीये, माझं तारुण्य. आधी हे अस्वल धर. हॅस्कलबाई चारला येतायत.”

दोघांनी अस्वल ईझलवरून उतरवले. ते त्या वर्षातले सगळ्यांत नावाजलेले काम होते. ऑगस्टअखेरच्या जत्रेत लोक त्याच्यासमोर थबकले होते ते त्याच्या केसांमुळे. केस रंगवलेले वाटतच नव्हते. ते उठत, वळत, एकमेकांत घुसत. सोबतच्या कार्डावर थियानेच लिहिले होते: ‘येथे पृष्ठभाग शांत राहण्यास नकार देतो.’ डोळेही तिचेच होते. ऑगस्टमध्ये एका बैठकीत तिने ते संपवले होते, आणि आपल्याला इतके जिवंत डोळे पूर्वी कधी जमले नव्हते, असे लेलंडला सांगितलेही होते.

दाराकडे नेताना कॅनव्हास आडवा करावा लागला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपे येत होते. ते अस्वलाच्या खांद्यावरून घसरत गेले आणि खांद्यात एक तोंड उघडले.

थिया थांबली.

“काय झालं? जड होतंय?”

उंचवट्यांची एक कमान होती, तिच्याखाली दुसरी, आणि मधोमध एक फट. दातांतली. मुठीत धरलेल्या सुरीचा तो फटकारा होता. असा फटकारा त्या घरात दुसऱ्या कुणाचाच नव्हता. तपकिरी केसांचे जे वळण लोकांनी वाखाणले होते, ते गालाचे वळण होते. मानेवरची आयाळ खेचराची होती.

“खाली ठेव,” ती म्हणाली.

“अगं, गाडी येईल—”

“लेलंड. खाली ठेव.”

तिने कॅनव्हासची पाठ पाहिली. खालच्या डाव्या कोपऱ्यात निळे ठिगळ होते. फेब्रुवारीत खेचराने लाथ घातली तेव्हा आईने आपल्या ॲप्रनचा तुकडा कापून तिथे चिकटवला होता, आणि म्हणाली होती, ‘बघ, टीकाकार पोचला.’ थियाने ठिगळावर बोट ठेवले.

मग तिच्या डोक्यात, सवयीने, विद्या बोलू लागली. तैलचित्रावरचा थर कुशल हात महिनोन्महिने खपून उतरवू शकतो. पण आईचा आणि बाबांचा रंग ॲक्रिलिक, म्हणजे वाळलेले प्लास्टिक. वरचा थर सोलायला जावे तर खालचा त्याला धरून येतो. क्ष-किरणांना जुन्या रंगांतले शिसे दिसते. आईच्या नारिंगीत शिसे नव्हते. चारशे पानांतल्या एकाही पानाचा उपयोग नव्हता. ऑगस्टमधली ती दुपार तिला लख्ख आठवली. डोळे काढताना तिने डावा तळहात टेकवला होता तो याच उंचवट्यांवर. तासभर तिचा हात आईच्या तोंडावर होता, आणि ती बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्याचा विचार करत होती.

ओरिन मागच्या मोरीवर ब्रश धूत होता. थिया त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. चेंगटपणा, विसरभोळेपणा, वय: या सगळ्यांसाठी लागणारी दया तिने वाटेतच गोळा केली होती.

“बाबा, ते अस्वल कशावर काढलंत?”

“कॅनव्हासवर.”

“कुठल्या?”

“तू फिरवलेल्या.”

गोळा केलेली दया तशीच हातात राहिली.

“त्यावर काय होतं ते बघितलं होतंत तुम्ही?”

“बघितलं. सरळ केल्याशिवाय अस्तर कसं देणार?”

“आणि दिलंत?”

ओरिनने नळ बंद केला. “तीन सोमवार नाही दिलं. रोज सकाळी येऊन बघायचो, वाटायचं तू परत फिरवशील. चौथ्या सोमवारी म्हटलं, पोरीला ते डोळ्यांसमोर नकोय, आणि स्वतःच्या हातानं करवत नाहीये. म्हणून माझ्यावर सोडलंय.” त्याने ब्रशचे केस बोटांनी सरळ केले. “खेचरापासून सुरुवात केली. तोंडाशी आलो तेव्हा डबा संपला. दुसरा उघडायला लागला.”

“मला विचारायचं होतंत!”

“विचारायचं?” म्हाताऱ्याला खरेच नवल वाटले. “या घरात?”

“मला बघवत नव्हतं, बाबा! म्हणून फिरवलं. बघवेल तेव्हा बघीन म्हणून. टाकायचं म्हणून नाही! सोमवार डोक्यातच नव्हता!”

ओरिन तिच्याकडे पाहत राहिला. एखाद्याला परक्या देशातला कायदा वाचून दाखवावा आणि तो आपल्याला जन्मभर लागू होता असे सांगावे, तसा त्याचा चेहरा झाला. मग तो उलट्या डब्यावर बसला.

“तुझ्यासाठी केलं मी ते,” तो म्हणाला. “मला ते ठेवायचं होतं गं. मला ते माझ्या खाटेसमोर लावायचं होतं.”

लेलंड दारात आला होता. त्याने सगळे ऐकले होते. “आभाळ मी टाकलं,” तो म्हणाला. “माझ्याकडं आलं तेव्हा पांढरं होतं. मी शीळ घालत टाकलं.”

म्हणजे ओरिनने पांढरे केले, वर्नाच्या वाटची पहिली रेषाही ओढली, अंग भरले. लेलंडने आभाळ ओढले. थियाने डोळे लावून पुरे केले. तिघांनी मिळून वर्नाला दुसऱ्यांदा पुरले होते, आणि पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी नेटकेपणाने, कारण या खेपेस प्रत्येकाला आपापले काम येत होते. कुणी चुकले नव्हते. थियाला रागाने घट्ट धरायला एखादा माणूस हवा होता, आणि तिघांत एकही गुन्हेगार सापडत नव्हता. सापडत होते ते एक सुरेख, निर्दोष, एकतीस वर्षे चाललेले मौन.

बरोबर चारला गाडीचा हॉर्न वाजला.

ब्रेंडा हॅस्कल डोंगरातली लॉजेस सजवत. त्या आत येताच दोन्ही हात पसरून अस्वलाकडे गेल्या. “अगं बाई, हे बघा माझं लेकरू! काय ते केस! फायरप्लेसवरची जागा मोजूनसुद्धा ठेवलीये मी.”

“हे विकायचं नाही,” थिया म्हणाली.

“म्हणजे काय? शब्द दिलाय ना तुम्ही? ओरिन, अहो, ही काय म्हणतेय?”

ओरिन डब्यावरून उठला. त्याने आयुष्यात कधी शब्द मोडला नव्हता. “त्यात माझी बायको आहे,” तो म्हणाला.

मिसेस हॅस्कलनी छातीवर हात ठेवला. “म्हणजे प्रेरणा. समजतं हो मला.”

“नाही. खाली आहे. रंगाखाली.”

त्या क्षणभर खरोखर हादरल्या. तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण मनुष्यस्वभावाला हादरा फार वेळ सोसत नाही, व्यवसायाला तर मुळीच नाही. त्यांचे डोळे हळूहळू उजळले. “अहो, मग हे कार्डावर लिहायलाच हवं! पाहुण्यांना अशी गोष्ट असली ना की चित्रासमोरून हलत नाहीत. ओरिन, तुम्ही दोन ओळी—”

“मिसेस हॅस्कल,” थिया अगदी हळू म्हणाली. विद्यापीठात ती इतक्या हळू बोलू लागली की लोक आपले कागद आवरू लागत. “तुमच्या लॉजमध्ये भिंती पुष्कळ असतील. त्यातली एक निवडा. तिच्याकडं तोंड करून थोडा वेळ उभ्या राहा. कंटाळा आला की मला फोन करा. मग बोलू, कार्डावर काय लिहायचं ते.”

“थिया!” ओरिन म्हणाला, पण त्यात दटावणी नव्हती.

लेलंड एका भल्यामोठ्या हरणाच्या चित्राकडे बोट दाखवत मध्ये पडला. “एल्क न्या, बाई. हा बघा, शिंगं फायरप्लेसला शोभतील. याच्याखाली कुणी नाही. कॅनव्हास कोराच होता, मी स्वतः ताणलाय.”

बाई एल्क घेऊन गेल्या. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले, अस्वलाकडे.

वाचनालयाला थियाने फोन केला आणि चित्र नाही असे सांगितले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “हरवलं का गं?” थियाला खोटे बोलता आले असते. “नाही,” ती म्हणाली, “आम्ही त्यावर दुसरं काढलं.”

अस्वल पश्चिमेच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर गेले. तीन-चारच्या सुमारास ऊन त्याच्या खांद्यावरून सरकत जाई आणि वीसेक मिनिटे तिथे कुणीतरी हसे. ओरिनने आपली खुर्ची तिथे नेली. थिया जाता-येता त्या बाजूला पाहायचे टाळी. अस्वलाचे डोळे मात्र टाळता येत नव्हते. ती जाईल तिकडे ते वळत. फारच चांगले जमले होते ते.

सोमवारी सकाळी तिने एक कोल्हा संपवला. डावा डोळा बिनसला होता. तिने कॅनव्हास उचलला, भिंतीशी नेला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने फिरवला.

ओरिन अस्तराचा डबा घेऊन येत होता. तो तिच्या मागे थांबला. त्याने डबा खाली ठेवला आणि हात पुसले.

“का?” त्याने विचारले.

उत्तर द्यायचे तर तिला कोल्हा परत फिरवावा लागला, आणि त्याच्याकडे पाहावे लागले.