आठ नंबरचा भार

घरात त्याला सगळे बंब म्हणत. अग्निशमन दलात चौदा वर्षं काढलेला गडी. एका गोदामाचं छत कोसळलं आणि गुडघा मोडला. दोन दिवसांनी त्याची चाचणी होती: खांद्यावर पाइपाचं वेटोळं घेऊन सहा मजले चढायचे. जमलं तर पुन्हा गाडीवर, नाहीतर कायमचं कचेरीतलं टेबल.

"ताई, मशीनवर आठ नंबरचा भार लावून पाचशे पायऱ्या मारतोय," तो फोनवर म्हणाला. "मशीन जरा कुरकुरतंय, तेवढं बघून जा."

व्यायामाची यंत्रं दुरुस्त करणं हा ताईचा धंदाच. पायऱ्या चढायच्या त्या मशीनचं पेडल तिनं सहज हातानं दाबलं, तर ते धपकन खाली गेलं. भाराची खुंटी फिरवून पाहिली. एक काय नि आठ काय, फरकच नाही. बोल्ट घट्ट होते. मग तिनं भार देणारे दोन्ही तेलाचे सिलिंडर सोडवले. दट्टा लोण्यात बोट जावं तसा आत गेला. सील फाटलेलं, आणि खालच्या सतरंजीत सगळं तेल मुरलेलं.

"कधीपासून कुरकुरतंय?"

"झाला असेल महिना. का गं?"

गप्प बसावं, निदान दोन रात्री सुखानं झोपेल, असं क्षणभर तिला वाटलं. पण जिन्यात तोंडघशी पडला तर?

"बंब, यात भारच नव्हता रे."

"थट्टा पुरे!" तो हसला.

तिनं पिशवीतले नवे सिलिंडर बसवले. बंब मशीनवर चढला. अकरा पायऱ्या झाल्या. बाराव्या पायरीला गुडघा लटपटला आणि तो दांडीला लोंबकळला.

"सैल कर," तो पुटपुटला. "पाया पडतो ताई, होतं तसं सैल कर."

"जिना सैल होतो का रे, राजा? तारीख पुढची माग."

"दोनदा मागितली. ही शेवटची."

इस्पितळातसुद्धा न रडलेला हा माणूस टॉवेलात तोंड खुपसून हमसाहमशी रडला. ताईला त्याच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर होईना.

तरी तो चाचणीला गेला. ताई जिन्याखाली उभी राहून बुटांचे आवाज मोजत होती. एक मजला, दोन, तीन. चौथ्यावर बूट थांबले. मग वेटोळं पडल्याचा आवाज आला आणि चाचणी घेणाऱ्या साहेबांचा हलका स्वर, "बसा. बसा जरा."

सोमवारपासून टेबल.

घरी आल्या आल्या तो म्हणाला, "ते मशीन घेऊन जा. डोळ्यांसमोर नको."

ताईनं एक बाजू उचलून ते दारापर्यंत ओढत नेलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. ती उंबऱ्याशी अडखळली, तसा तो उठला.

"एकटीनं नको उचलूस, कंबर धरेल," म्हणत त्यानं दुसरी बाजू धरली.

तीन मजले दोघं एकेक पायरी उतरत गेले. दर वळणावर तो थांबे, आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत ताई आपली बाजू पेलून उभी राही.