छपरावरचा मुराळी

पंचमीच्या सकाळी मुराळी दारात आला आणि घोटभर पाणीही न पिता बहिणीला म्हणाला, "अक्का, खाली उतर आणि परत एकदा चढ."

सौदामिनीबाई तिसऱ्यांदा खाली उतरल्या. गाडीची पायरी उंच, वय सत्त्याहत्तर, आणि पोटात कालपासून अन्नाचा कण नाही, कारण काल भावाचा उपवास होता. तो सुटायचा आज, वारूळ पुजल्यावर. ज्याच्या नावानं उपवास धरला तो भाऊ, शरदचंद्र, काठीला मोबाइल लावून अंगणात मागे मागे सरकत होता.

"आता जरा हसत चढ."

"हसण्यासारखं काय झालंय?"

"अगं, भाऊ न्यायला आलाय. आनंद दिसायला नको?"

"असला तर दिसेल," त्या म्हणाल्या, आणि दांडा धरून वर चढल्या. हसल्या नाहीत.

लातूरची ती गल्ली गाडी बघायला गोळा झाली होती. गाडी बघण्यासारखी होतीच. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज, मागच्या बाजूला संडाससुद्धा. निवृत्त झाल्यावर आणि बायको मालविका गेल्यावर शरदचंद्रांनी एका ट्रॅव्हलर गाडीचं असं चाकावरचं घर करून घेतलं होतं. शेजारची आरती म्हणाली, "आजी, नशीब काढलंत. लोकं माहेरला जातेत, तुमचं माहेरच दारात आलं!"

सौदामिनीबाईंनी घराकडं पाहिलं. आत स्वयंपाकघरात ताटावर ताट झाकून ठेवलं होतं. मुराळी आला की आधी त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, मग बहिणीनं पिशवी उचलायची, अशी रीत. भावानं उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. "उशीर होईल अक्का," एवढंच म्हणाला होता. मग त्यांनीच ते ताट आरतीच्या हाती दिलं आणि दाराला कुलूप घातलं.

गाडीत त्यांनी आपली पिशवी पलंगावर ठेवली. शरदचंद्रांनी ती उचलून खाली ठेवली, आणि तिच्या जागी गादीवर एक पांढरा, चपटा, पाटाएवढा तुकडा दुलईत गुंडाळून निजवला.

"हे कोण बाळ?"

"हात लावू नको. उपग्रहाचं इंटरनेट आहे. हे छपरावर ठेवायचं, वर आकाश मोकळं पाहिजे, बस्स. मग माळावर असो की डोंगरात, घरच्यासारखं इंटरनेट. आपल्या वाडीत मोबाइलला रेंज नसते ना? तिथून आपण थेट दाखवणार. अकराला सुरू. मिहिर मेलबर्नहून बघणार आहे, मालविकाच्या माहेरची माणसं, माझे जुने विद्यार्थी. नावसुद्धा दिलंय मी, 'चाळीस वर्षांनी मुराळी'."

"ही चाळीस वर्षं कुणी लावली रे?"

शरदचंद्रांनी गाडी सुरू केली. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे.

सौदामिनीबाईंचं लग्न झालं त्या सालची पहिली पंचमी त्यांना अजून कालच्यासारखी आठवत होती. दहा वर्षांचा शरद एकटा एसटीनं आला होता, वडलांची छत्री काखेत धरून. सासूबाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला "हो जी" म्हणाला होता. परतीच्या गाडीत बहिणीच्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून बसला, डुलकी लागली तरी हात काढला नाही. चाकूरच्या पुढे त्याला उलटी झाली. तोंड पुसून म्हणाला, "अक्का, आईला सांगू नको. म्हणेल, मुराळी म्हणून पाठवला आणि ओकून आला." त्या पोरासाठी उपवास धरताना कधी जड गेलं नाही.

पुढं पोरगं शिकलं, विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक झालं, आणि मुराळी यायचा बंद झाला. कधी परीक्षा, कधी तपासणी, कधी लेकाची, मिहिरची, शाळा. दर पंचमीला सौदामिनीबाई सासूबाईंना सांगत, "त्याला सुट्टीच नाही हो, फार तळमळतो बिचारा." सासूबाई गेल्या, मग नवऱ्याला सांगत. नवरा गेला, मग फोनवर सुनेला. तळमळतो हे त्यांनी आपल्या पदरचं घातलेलं होतं. वडील गेल्यावर त्यानं वाडीतलं घर आणि रान विकलं, तेव्हाही यांनी सही करून दिली, शब्द बोलल्या नाहीत. माहेर म्हणायला वाडीत एवढंच उरलं, की केवळाबाई पंचमीला तिथं यायची.

केवळाबाई शेजारच्या रानातली. दोघी एका झोक्यावर वाढल्या. ती देगलूरकडं दिलेली, पण तिचा भाऊ आणि आता भाचा ज्ञानोबा तिला न चुकता आणायचा. तिलाही सौदामिनीबाई फोनवर तेच सांगत, फार तळमळतो बिचारा. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता. "सौदे, औंदा ये बाई. माजं गुडघं गेलेत. पुढल्या सालापसून येणं न्हाई व्हायचं. पंचमीला दुपारी लेक जीप घिऊन येणार हाय न्यायला, त्याच्या आत ये. म्या तुज्याबिगर वारुळाला जात न्हाई, सांगून ठिवते. तवर तोंडात पानी बी घेनार न्हाई."

त्या फोननंतर सौदामिनीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भावाला तोंडानं म्हटलं होतं, मला न्यायला ये. तो लगेच हो म्हणाला. आठवडाभर त्या हरखून गेल्या होत्या. आता त्या हरखण्याचाच त्यांना राग येत होता.

चाकूरच्या पुढे एका ढाब्यापाशी गाडी थांबली. "पाच मिनिटं. एकदा लावून बघतो. घराच्या गच्चीवर चालतं, गाडीवर अजून लावलं नाही. ते घट्ट बसवायचं स्टँड यायचंय, म्हणून थांबूनच ठेवावं लागतं."

शिडी लावून अडुसष्ट वर्षांचा माणूस छपरावर चढला. खिडकीतून केबल आत आली, सौदामिनीबाईंच्या मांडीवरून पलीकडच्या बॅटरीला गेली. थोड्या वेळानं वरून आवाज आला, "झाडं आड येऊन राहिलीत!" खरंच, फोनवरच्या चित्रात झाडांनी अडलेलं अर्धं आकाश लाल दिसत होतं. लिंबाचं झाड होतं, चांगलं जुनं. शरदचंद्र त्याच्याकडं असं बघत होते, जणू त्यानं मुद्दाम केलं.

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा पाच मिनिटं. या वेळी झाडं नव्हती, पण बॅटरीचा काहीतरी बिघाड निघाला. गाडी चालू ठेवावी लागली. आत फ्रीज घरघरत होता, उन्हानं पत्रा तापला होता. दोन मोटारसायकलवाले थांबले. एकानं विचारलं, "काका, दवाखान्याची गाडी हाय का? बीपी बघता का?"

"नाही, नाही. प्रवासाची आहे."

"मंग आज्जीला काय झालंय? तोंड लई उतरलंय."

"आज्जीला भाऊ झालाय," सौदामिनीबाई खिडकीतून म्हणाल्या. "दुखणं जुनंच आहे, आज वर आलंय."

मोटारसायकलवाले हसत गेले. शरदचंद्रांना ते लागलं. गाडी सुरू करता करता ते म्हणाले, "अक्का, लोकांसमोर असं कशाला बोलतेस? मी तुझ्यासाठीच करून राहिलो ना हे सगळं?"

"माझ्यासाठी? मी इंटरनेट मागितलं होतं?"

"तुझी पंचमी जग बघेल."

"जगानं माझ्या वारुळाला काय करायचंय? मला केवळा बघायची आहे. ती उपाशी बसलीय तिथं. साखरेचा आजार आहे तिला. चक्कर येऊन पडली तर जगाला सांगशील का, पाच मिनिटं थांबा म्हणून?"

"पोचू गं. एवढं काय तातडीचं?"

सौदामिनीबाईंनी तोंड खिडकीकडं वळवलं. बोलल्या असत्या तर रडू आलं असतं, आणि रागाच्या वेळी रडायचं त्यांना पहिल्यापासून आवडत नसे.

शिरूर ताजबंदला गाडी मुखेडच्या रस्त्याला लागली, आणि थोड्याच वेळात मोकळ्या माळावर पुन्हा थांबली. ना झाड, ना खांब. दोन्ही बाजूंना सोयाबीन, आणि वर सबंध आकाश. शरदचंद्रांचा चेहरा खुलला. "इथं लागणारच! अकरा वाजत आलेत. आपण रस्त्यावरूनच सुरुवात करू. तू त्या पायरीवर बस, मी तुला विचारीन, अक्का, माहेरी निघालीस, कसं वाटतंय?"

"शरद, गाडी काढ."

"पाच मिनिटं."

"सकाळपासून तुझी पाच मिनिटंच चाललीत. साध्या फोनवर लाव आणि उरक. इथं रेंज आहे, मघा तुझा फोन वाजला."

"त्यावर चित्र अडकतं गं. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी." शिडीवर एक पाय ठेवून ते थांबले. आवाज खाली आला. "आणि मिहिर फक्त अकरालाच मोकळा आहे. एरवी तो फोन उचलत नाही, अक्का. मालविका गेल्यापासून दोनदा बोललाय, तेही माझ्या बँकेच्या खात्याची चौकशी करायला. या गाडीचं ऐकून पहिल्यांदा म्हणाला, बाबा, मी बघेन."

सौदामिनीबाईंनी भावाकडं पाहिलं. केस उडालेले, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, हाताला छपरावरची धूळ. कीव आली. पण कीव आली म्हणून राग गेला नाही, उलट वाढला. लेकानं फोन न उचलल्याचं दुःख याला एवढं कळतं, आणि चाळीस वर्षं कुणी दाराकडं बघत बसलं ते कळलं नाही?

"मग त्याला न्यायला जा," त्या म्हणाल्या. "मला न्यायला आलास असं कशाला सांगतोस?"

"अक्का!"

"काय चूक बोलले? माझ्या घरात पाय ठेवला नाहीस. वाढलेलं ताट बघितलं नाहीस. माझी पिशवी खाली आणि तुझा तो पाट गादीवर. तुला बहीण नको, बहिणीचं चित्र पाहिजे. मी आज आले नसते तर आरतीला चढवलं असतंस तीनदा, काही अडलं नसतं."

शरदचंद्रांच्या खिशात फोन किणकिणला. त्यांनी बघितला. "मिहिर विचारून राहिलाय, सुरू झालं का म्हणून." आणि ते शिडी चढून वर गेले.

तेवढ्यात मागून, शिरूरकडून, मुखेडची एसटी येताना दिसली.

सौदामिनीबाईंनी विचार केला असं नाही. मांडीवरची केबल बाजूला सारली, खालची पिशवी उचलली, दांडा धरून उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर केला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. कंडक्टर दारातून ओरडला, "आज्जी, मरायचंय का?"

"मरायचं नाही, माहेरला जायचंय. वर घे मला."

छपरावरून आवाज आला, "लागलं! अक्का, लागलं! चित्र एकदम स्वच्छ!" शरदचंद्र एका हातात मोबाइल उंच धरून वळले, आणि मोबाइल तसाच रस्त्याकडं रोखलेला राहिला. "अगं, कुठं चाललीस? अक्का! सगळे बघून राहिलेत!"

"बघू दे," सौदामिनीबाई म्हणाल्या, आणि एसटीची पायरी चढल्या. ही पायरीही उंच होती, पण एका अनोळखी बाईनं आतून हात दिला.

गाडी माहेरवाशिणींनी गच्च भरली होती. मांडीवर पोरं, पायांत पिशव्या, कुणाचा भाऊ दांड्याला लोंबकळत उभा. हात देणाऱ्या बाईनं कुल्ल्यानं ढकलून तिघींच्या बाकावर चौथीला जागा केली. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं. "पंचाहत्तरीच्या वर? मंग तिकीट न्हाई. पण आज्जी, एवढी घरावानी गाडी सोडून लाल डब्यात?"

"त्या गाडीत झोपायची सोय आहे. पोचायची नाही."

बायका हसल्या. सौदामिनीबाईंना हसू आलं नाही. पिशवीत फोन वाजत राहिला. शेजारीण म्हणाली, "मावशी, वाजून राहिलाय." त्या म्हणाल्या, "वाजू दे." जांबच्या पुढं रेंज गेली आणि तो आपोआप गप्प झाला.

वाडीच्या फाट्यावर उतरून त्या ओढ्याकडच्या वाटेनं चालत निघाल्या. डोकं गरगरत होतं. रागानं पाय मात्र भराभर पडत होते. लिंबाखाली एक जीप उभी होती, आणि तिच्या बॉनेटला टेकून केवळाबाईचा लेक घड्याळ बघत होता. पलीकडं वारुळाला टेकूनच बसावं तशी केवळाबाई बसली होती, लुगड्याच्या घडीत लाह्या आणि आघाड्याची पानं धरून, शेजारी दुधाचा तांब्या ठेवून. पूजा झालेली नव्हती.

"आली का गं?" तिनं हाताची छपरी डोळ्यांवर धरली. "पोरगं मला उचलून गाडीत टाकाया निगालं हुतं. म्हनलं, हात लाव, चावते बग." मग सौदामिनीबाईंच्या मागं, वाटेकडं तिनं बघितलं. "एकलीच? मुराळी कुटं हाय?"

सवयीनं शब्द ओठांवर आले. गाडी बिघडली, मागून येतोय, फार तळमळतोय बिचारा. चाळीस वर्षांत ते कधी चुकले नव्हते. सौदामिनीबाईंनी ते गिळले.

"मुराळी आला नाही, केवळा," त्या म्हणाल्या. "आजही आला नाही आणि या चाळीस वर्षांत कधी यायचं त्याच्या मनात नव्हतं. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलत आले. आज माझी मी आले."

जीपपाशी उभा असलेला लेक उगाच दुसरीकडं बघू लागला. माहेराबद्दल असं उघडं बोललेलं त्यानं कधी ऐकलं नसावं. केवळाबाईनं मात्र मान हलवली.

"आमाला ठाव हुतं," ती म्हणाली. "तू सांगत हुतीस म्हनून आमी ऐकत हुतो. चल, हात दे. उटव मला, दूध नासतंय उनानं."